खंडेराव दरवाज्यापलीकडील राकड

झाशी शहराच्या जुन्या तटाला जे दहा दरवाजे होते, त्यांतील बहुतेकांची नावे वाटांवरून पडली. दतिया दरवाज्यातून दतियाची वाट निघे, ओरछा दरवाज्यातून ओरछ्याची. भांडेर, उनाव, बडागाव, सागर ही नावेही त्याच प्रकारची. खंडेराव दरवाजा मात्र कोणत्याही गावाची दिशा सांगत नाही. त्याचे नाव उच्चारताच मराठी माणसाला जेजुरी आठवते, आणि बुंदेलखंडाच्या या खडकाळ मुलखात शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी अंमल नांदला, याची ती एक साधी खूण होऊन राहते. नारो शंकर १७४२ मध्ये येथे सुभेदार म्हणून आले, त्यांनी किल्ला वाढविला, ओरछ्याकडील लोक आणून पेठ वसविली. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे गेली, आणि शिवरावभाऊंच्या कारकीर्दीत, म्हणजे १७९६ ते १८१४ या अवधीत, शहराभोवतीचा तट उभा राहिला. या तटाचा इतिहास बहुधा १८५८ च्या वेढ्यापासून सांगितला जातो आणि तेथेच संपविला जातो. तोफांचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु वेशीच्या दरवाज्यातून वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस जे आत येत असे, त्याचाही एक इतिहास आहे, आणि तो झाशीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तोफांहून कमी महत्त्वाचा नाही.

दरवाज्यातून काय येत असे? धान्य येई हे तर खरेच. पण त्याबरोबर गवताचे भारे येत, लाकडाच्या मोळ्या येत, तिळाचे, जवसाचे आणि मोहाच्या बियांचे तेल येई. घोडा आणि बैल हीच त्या काळची इंजिने होती, आणि त्यांना लागणारे इंधन रानात उगवत असे. मराठी राज्यात सरकारी पागेसाठी कुरणे राखून ठेवण्याची पद्धत होती, आणि गावोगावच्या रयतेकडून वैरण व लाकूडफाटा वेठीने घेतला जात असे. शक्तीसाठी पीक काढणे, ज्याला हल्लीच्या सरकारी भाषेत ऊर्जापीक म्हणतात, ही गोष्ट म्हणूनच वाटते तितकी नवी नाही. शेतात काय पेरावे हा शेतकऱ्याचा प्रश्न असतो. शहराला आणि सैन्याला काय जाळावयाचे आहे, हा सरकारचा. हे दोन प्रश्न जेव्हा एकाच जमिनीवर येऊन भेटतात तेव्हा काय घडते, हे पाहण्यास झाशीचा परिसर फार बोलका आहे.

तो बोलका असण्याचे पहिले कारण तेथील माती. बुंदेलखंडी शेतकरी आपल्या जमिनीची चार नावे सांगतो : मार, काबर, परुआ आणि राकड. मार ही काळी आणि ओल धरणारी. काबर तिच्याहून कडक. परुआ हलकी, मिश्र. आणि राकड म्हणजे उताराची, खडे-मुरमाची, तांबूस जमीन, जिच्यात पाऊस पडतो आणि तितक्याच वेगाने वाहून जातो. झाशी जिल्ह्यात या राकडीचा वाटा मोठा आहे. ज्याला पुढे दिल्लीच्या कागदांवर ‘पडीक’ असे नाव मिळाले, ती जमीन मुख्यतः हीच.

या मातीत एके काळी एक पीक असे होते की ज्यावर अवघी मऊ-रानीपूरची पेठ उभी राहिली. ते पीक म्हणजे आल. मराठीत त्या झाडाला बारतोंडी म्हणतात. त्याच्या मुळांपासून तांबडा रंग निघे आणि त्या रंगात बुडविलेले खारुआ नावाचे जाड कापड दूरदूरच्या बाजारांत जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात छत्रपूरकडील व्यापारी मऊला येऊन वसले, आणि मराठी अमलाच्या छायेत ही पेठ भरभराटीस आली. आलाचे वैशिष्ट्य असे की, ते पेरल्यावर मुळे खणून काढावयास तिसरे वर्ष उजाडावे लागे. तीन वर्षे शेत अडकून राही, आणि खणणीची मजुरीही जबर पडे. तरी शेतकरी ते पेरीत असे. का? कारण तिसऱ्या वर्षी मऊचा रंगारी मुळे घेणार, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या बापाचीही मुळे तेथेच गेली होती. पुढे १८६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अॅलिझारीन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार केला आणि थोड्याच वर्षांत तो जहाजे भरभरून हिंदुस्थानात येऊ लागला. आलाची शेते ओसाड पडली. बाजार असला तर शेतकरी तीन वर्षे वाट पाहतो, आणि बाजार गेला तर हुकूम काढूनही पाहत नाही. एवढी गोष्ट या लहानशा पिकाच्या कहाणीतून उघड होते. दीडशे वर्षांनंतर दिल्लीत बसून नव्या तीन वर्षांच्या पिकाचे आराखडे करणाऱ्यांनी ती वाचली असती तर बरे झाले असते.

गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरात वारले, १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले, आणि १८५८ नंतर झाशीच्या रयतेला इंग्रजी महसुलाची खरी ओळख पटली. सारा रोखीत, ठराविक, आणि पीक येवो वा न येवो भरावयाचा. अशा स्थितीत १८६८-६९ चा दुष्काळ आला आणि त्याच्या मागोमाग कांस पसरला. हा कांस म्हणजे संस्कृत कवींनी शरद ऋतूच्या वर्णनात मोठ्या कौतुकाने बसविलेला काश. कवीला त्याचे पांढरे तुरे दिसतात. बुंदेलखंडी शेतकऱ्याला त्याची मुळे दिसतात, जी पुरुषभर खोल जातात आणि लाकडी नांगराला दाद देत नाहीत. दुष्काळाने बैल मेलेले, नांगरट थांबलेली. कांसाने चांगली मार जमीनही गिळून टाकली. जमीनदार सावकारांच्या हाती गेले. सरकारला अखेर १८८२ मध्ये झाशीच्या कर्जबाजारी मालमत्तांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि १९०३ मध्ये बुंदेलखंडातील शेतजमीन बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून दुसरा. याच सुमारास बेतवेवर परीछाचा बंधारा बांधून कालवा काढण्यात आला. परंतु त्याचे पाणी मुख्यत्वे खालच्या अंगाच्या जालौन आणि हमीरपूरकडे वाहत गेले. झाशीच्या राकडीला नदी उशाशी असून कोरडच राहिली.

कांसाची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. ज्या गवताने बुंदेलखंडाची शेती बुडविली, त्याच जातीच्या गवताशी कोईमतूरच्या ऊस-पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी उसाचा संकर केला, आणि १९१८ मध्ये ‘को २०५’ ही जात उत्तर हिंदुस्थानच्या शेतकऱ्यांच्या हाती आली. कांसाचा चिवटपणा उसात उतरला. उत्तरेकडील साखर कारखान्यांची जी पुढे रांग लागली, तिच्या पायाशी झाशीच्या शेतकऱ्याने शिव्याशाप दिलेले हे गवत आहे. आणि साखर आली म्हणजे मळी आली, मळी आली म्हणजे मद्यार्क आला; येथूनच सरकारच्या इंधनविषयक धोरणाचा खरा आरंभ होतो.

१९३० नंतरच्या दशकात साखर कारखाने भराभर वाढले आणि मळीचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. मळी ओढ्यात सोडावी तर दुर्गंधी, साठवावी तर जागा नाही. तिचा मद्यार्क करून तो पेट्रोलात मिसळावा, ही कल्पना त्यातून पुढे आली. महायुद्धाच्या काळात पेट्रोलची टंचाई पडल्यावर तिला जोर चढला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मध्यवर्ती सरकारने मोटारीत जाळावयाच्या मद्यार्काविषयी कायदाच केला. तो कायदा बावन्न वर्षे पुस्तकात राहिला आणि २००० मध्ये निरुपयोगी म्हणून रद्द झाला. दैवाचा खेळ असा की त्यानंतर एका वर्षाच्या आतच, २००१ मध्ये, महाराष्ट्रात मिरज आणि मनमाड व उत्तर प्रदेशात बरेलीजवळ पेट्रोलात मद्यार्क मिसळून विकण्याचे प्रयोग सरकारनेच सुरू केले. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा नियम झाला.

परंतु येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. मळीच्या मद्यार्कासाठी आरंभी शेतकऱ्याला काही वेगळे करावे लागले नाही. ऊस तो साखरेसाठी लावीतच होता. मद्यार्क ही उरलेल्या मालाची कमाई होती. डिझेलची गोष्ट तशी नव्हती. या देशात पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक डिझेल जळते, आणि डिझेलमध्ये मिसळावयाचे तेल मळीतून निघत नाही. त्यासाठी तेलाचे झाड लावावे लागते. खाद्यतेलाचा तर देशात आधीच तुटवडा. म्हणून न खाण्याचे तेल देणारे झाड हवे, ते अन्नधान्याच्या जमिनीत नको, आणि त्याला पाणीही नको. या तिन्ही अटी पुऱ्या करणारे झाड म्हणून ज्याचे नाव पुढे आले, ते झाड मराठी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाला लावीत आला होता. ते म्हणजे मोगली एरंड. हिंदीत रतनजोत, शास्त्रज्ञांच्या भाषेत जट्रोफा. मूळचे मध्य अमेरिकेचे. पोर्तुगीज दर्यावर्द्यांबरोबर ते आशिया-आफ्रिकेत पसरले असे मानतात. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाला सोयीचे. बी विषारी, खेड्यांतील मुले ती शेंगदाण्यासारखी समजून खातात आणि ओकाऱ्यांनी बेजार होतात. बियांत तेल मात्र तिसऱ्या हिश्श्याहून कमी नाही.

नियोजन मंडळाने जुलै २००२ मध्ये जैवइंधनासाठी समिती नेमली. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्लीहून अमृतसरला जाणारी शताब्दी गाडी पाच टक्के जैव-डिझेल मिसळून चालविण्यात आली आणि वृत्तपत्रांत तिचे छायाचित्र झळकले. समितीचा अहवाल एप्रिल २००३ मध्ये आला. त्यातील स्वप्न भव्य होते. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैव-डिझेल मिसळावयाचे, आणि त्यासाठी सुमारे ११२ लाख हेक्टरांवर मोगली एरंड लावावयाचा. पहिल्या टप्प्यात चार लाख हेक्टरांवर प्रात्यक्षिक, दुसऱ्या टप्प्यात सारा देश. राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी या झाडाचा पुरस्कार आपल्या भाषणांतून वारंवार केला. छत्तीसगढ सरकारने तर त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणच स्थापन केले. या सर्वांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. खनिज तेलाचा बहुतांश परदेशातून आणावा लागतो, त्यापायी परकी चलन जाते, खेड्यांत काम नाही, जमीन पडून आहे. या सर्व दुःखांवर एकच मात्रा सापडली असे वाटल्यास नवल नव्हते.

ती पडून असलेली जमीन कोठे होती, हे पाहण्यासाठी नकाशे तयारच होते. देशातील पडीक जमिनीचा नकाशासंग्रह २००० मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्यात सुमारे ६३८ लाख हेक्टर जमीन पडीक म्हणून दाखविलेली होती. बुंदेलखंडाची राकड त्यात आलीच. परंतु उपग्रहाच्या छायाचित्रात पडीक दिसणारी जमीन गावाच्या दृष्टीने पडीक असतेच असे नाही. बुंदेलखंडात ‘अन्ना’ नावाची प्रथा आहे. रब्बीचे पीक निघाले की गुरे मोकळी सोडून द्यावयाची. त्यांनी माळावर, उतारावर, ओढ्याकाठी मिळेल ते खावे. राकडीवर पावसाळ्यात जे गवत उगवते त्यावर या गुरांचे पोट चालते, आणि तेथल्या झुडपांवर भूमिहीनांच्या चुली. ज्याला सातबारा नाही, त्याचे शेत म्हणजे हीच पडीक जमीन. कुरण आणि पडीक यांतील हा भेद पेशवाईतल्या कारकुनाला कळत होता. कारण त्याला त्या गवताची मोजदाद ठेवावी लागे.

झाशीचे भाग्य असे की हा प्रयोग पारखण्यासाठी लागणारे शास्त्रज्ञ तिच्या वेशीबाहेरच होते. ग्वाल्हेर रस्त्यावर १९६२ मध्ये भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था स्थापन झाली होती, आणि १९८८ मध्ये तिच्या शेजारी कृषिवानिकीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र. या दुसऱ्या केंद्रात मोगली एरंडाचे निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले वाण लावून त्यांची तुलना करण्याचे काम सुरू झाले. तेलबिया मंडळाने २००४ च्या सुमारास देशभरच्या संस्थांचे जे जाळे विणले होते, त्यात झाशीचा समावेश होता. या कामातून जी गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली ती अशी की, हे झाड अद्याप पीक झालेलेच नव्हते. गहू, हरभरा, भुईमूग यांच्या मागे हजारो वर्षांची निवड आहे. मोगली एरंडाला कोणी कधी निवडलाच नव्हता. तो कुंपणाला होता आणि कुंपणाचे काम चोख करीत होता. त्याला नरफुले ढीगभर येतात आणि मादीफुले मोजकी, म्हणून फळधारणा कमी. एका झाडाला पुष्कळ बी आले म्हणजे शेजारच्या झाडाला येईलच असा भरवसा नाही. त्याचे फळही एकदम पिकत नाही. म्हणून वेचणी पुनःपुन्हा करावी लागते आणि मजुरी वाढते.

मुख्य चूक मात्र एका शब्दाची होती. पाण्यावाचून हे झाड जगते, हे खरे. पाण्यावाचून ते फळते, हे खरे नव्हे. बागायती जमिनीत, खत-पाणी देऊन आलेले उत्पन्न हिशेबात धरले गेले आणि लागवड मात्र सांगितली गेली कोरडवाहू माळावर. हेक्टरी कित्येक टन बियांची आशा दाखविलेल्या ठिकाणी प्रत्यक्षात एक टनही बी येणे दुरापास्त झाले, आणि तेही तीन-चार वर्षे वाट पाहिल्यावर. ज्या बुंदेलखंडात २००४ पासून ओळीने अवर्षणाची वर्षे आली, तेथे तर रोपे तग धरून राहिली हेच पुष्कळ.

आणि हा अनुभव अगदी अपूर्वही नव्हता. नाशिककडील शेतकऱ्यांनी १९८० नंतरच्या काळात, सरकारी धोरणाची वाट न पाहता, सहकारी वनशेतीच्या उत्साहात मोगली एरंड लावून पाहिला होता. अपेक्षेप्रमाणे बी आले नाही, आलेल्या बियांना गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि त्यांनी तो उपटून टाकला होता. मराठी मुलखातला हा धडा दिल्लीच्या वाटेवर कोठे हरवला, याचा शोध एखाद्या प्रशासनाच्या अभ्यासकाने घ्यावा.

शेतकऱ्याने झाड लावले तरी पुढे काय? ऑक्टोबर २००५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खरेदीचे धोरण जाहीर केले. १ जानेवारी २००६ पासून बारा राज्यांतील वीस केंद्रांवर तेल कंपन्यांनी लिटरला २५ रुपये दराने जैव-डिझेल घ्यावयाचे. आकडा कागदावर ठीक दिसतो. परंतु एक लिटर तेलाला तीन ते चार किलो बी लागते. किलोला पाच रुपये धरले तरी नुसत्या बियांचेच पंधरा ते वीस रुपये झाले; त्यावर गाळप, रासायनिक प्रक्रिया, वाहतूक. उत्पादन-खर्च खरेदीदराच्या वर गेला आणि केंद्रांवर तेल फारसे आलेच नाही. शिवाय हा दर कारखानदारासाठी होता. शेतकऱ्याच्या बियांना हमीभाव द्यावा हे तत्त्व डिसेंबर २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात लिहिले गेले, पण ज्या दराच्या भरवशावर माणूस तीन वर्षे शेत अडकवून ठेवील, असा दर खेड्याच्या बाजारात कधी उभा राहिला नाही. मऊचा रंगारी ही व्यक्ती या साऱ्या आराखड्यात कोठेच नव्हती.

जगातही याच वेळी वारे फिरले. २००७ मध्ये मोठमोठ्या पतपेढ्या या झाडाची शिफारस करीत होत्या. ब्रिटिश पेट्रोलियमने त्याच वर्षी त्याच्या लागवडीसाठी भागीदारी केली आणि २००९ मध्ये ती सोडलीही. २००७-०८ मध्ये धान्याच्या किमती भडकल्या आणि मोटारीच्या टाकीसाठी माणसाच्या ताटातील घास काढून घेतला जात आहे, अशी टीका संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून झाली. भारताच्या धोरणाला हा आक्षेप सरळ लागू नव्हता, कारण ते पडीक जमिनीपुरते होते. परंतु पडीक जमिनीवरही कोणाचा तरी घास असतो, हे येथे वर आलेच आहे. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे ध्येय ठेवले. २०१७ उजाडले तेव्हा डिझेलमधील जैव-डिझेलचा वाटा एक टक्काही नव्हता. नव्या २०१८ च्या धोरणाने जैव-डिझेलचे ध्येय २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर आणले, आणि कच्चा माल म्हणून तळून उरलेल्या खाद्यतेलाकडेही मोर्चा वळविला.

त्याच धोरणाने मद्यार्काला मात्र मोठा हात दिला. पेट्रोलातील त्याचे प्रमाण २०१३-१४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होते. ते २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. यात महाराष्ट्राच्या उसाचा वाटा मोठा. येथे कारखाना होता, भाव ठरलेला होता, खरेदीदार दाराशी होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उसाला पाणी होते, मग ते कोणाच्या वाट्याचे का असेना. तरी सरकारचा शब्द किती पातळ असू शकतो याचा अनुभव या सधन पिकालाही आला. ७ डिसेंबर २०२३ रोजी, हंगाम ऐन भरात असताना, साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून थेट मद्यार्क करण्यास बंदी करण्यात आली आणि आठवड्याभरात ती अंशतः सैल करावी लागली. कर्ज काढून भट्ट्या उभारलेल्या कारखान्यांची जर ही अवस्था, तर झाशीच्या दोन एकर राकडीवाल्याने इंधनाच्या पिकाविषयी सावध राहावे यात त्याचा दोष तो काय?

हल्ली या मुलखात इंधनाच्या पिकाचे नवे नाव ऐकू येते, आणि ते गवताचे आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्राने दाबून भरलेल्या जैववायूची योजना काढली. पाच हजार प्रकल्पांचा संकल्प होता, त्यातील अल्प अंशच २०२३-२४ पर्यंत उभा राहिला. उत्तर प्रदेशाने २०२२ मध्ये आपले स्वतंत्र जैवऊर्जा धोरण जाहीर केले. या वायूसाठी शेण, काड, कारखान्यांची मळी यांच्याबरोबर संकरित नेपिअर गवताचे नाव घेतले जाते. आता हे नेपिअर-बाजरीचे संकर झाशीच्या चारा संस्थेने वर्षानुवर्षे खपून सुधारले ते जनावरांसाठी. अन्ना गुरांचा प्रश्न सोडवावयाचा तर त्यांना बांधून घालता येईल इतका हिरवा चारा हवा, हा त्यामागचा विचार. तेच गवत कापून वायूच्या टाकीत घालावयाचे की गोठ्यात, हा प्रश्न पुन्हा त्याच जुन्या दरवाज्यापाशी येऊन उभा राहतो : शहराला जळण हवे, गावाला वैरण. शिवाय नेपिअरला बारमाही ओल लागते. जेथे ती ओल आहे तेथे शेतकरी गहू पेरतो, आणि जेथे नाही तेथे नेपिअर उगवत नाही.

कृषिवानिकीच्या केंद्राने मधल्या काळात आपला मोहरा ज्या कामाकडे वळविला ते म्हणूनच विशेष पाहण्यासारखे आहे. २०१४ मध्ये भारताने कृषिवानिकीचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस या केंद्राला केंद्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. त्याच्या आधीपासून, २०११ च्या सुमारास, येथील शास्त्रज्ञ हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संस्थेबरोबर झाशी जिल्ह्यातल्या परासई, छतपूर आणि बछौनी या तीन गावांच्या पाणलोटात काम करू लागले होते. साडेबाराशे हेक्टरांच्या आसपासचे हे क्षेत्र. उतार, मुरूम, उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी, आणि बाया दूरवरून पाणी आणीत असलेल्या.

परासईत एक जुनी ‘हवेली’ होती. बुंदेलखंडात हवेली म्हणजे वाडा नव्हे. उताराला आडवा मातीचा बांध घालून पावसाचे पाणी शेतातच अडवावयाचे, खरिपात त्या शेतात काहीच पेरावयाचे नाही, पावसाळा सरल्यावर पाणी सोडून द्यावयाचे आणि ओल्या जमिनीत गहू-हरभरा घालावयाचा. या पद्धतीला आणि त्या शेताला हवेली म्हणतात. वर तुंबलेले पाणी खालच्या विहिरींना झिरपून मिळते. परासईचा बांध सांडव्यापाशी वारंवार फुटत असे आणि गावाने अखेर तो सोडून दिला होता. शास्त्रज्ञांनी तेथे पक्की दगड-सिमेंटची भिंत व सांडवा बांधला आणि ओढ्यावर खाली लहान बंधारे घातले. विहिरींची पातळी काही मीटरांनी वर आली. जेथे उन्हाळ्यात बादली खरडावी लागे तेथे रब्बीला दोन पाणी देण्याइतके पाणी राहू लागले. खरिपात भुईमूग, रब्बीत गहू, आणि दावणीला म्हशी वाढल्या. बांधांवर सागाची आणि पेरूची झाडे लावण्यात आली, ती लोकांनी राखली.

हवेलीच्या पोटातले शेत पावसाळाभर पाण्याखाली असते, आणि ज्याचे ते शेत असेल त्याचा खरीप जातो. लाभ मात्र खालच्या साऱ्या विहिरींना होतो. तो एकटा शेतकरी हे का सोसतो, असा प्रश्न पडतो. दिवाळीच्या सुमारास पाणी उतरले की त्याच्या ओल्या शेतात गव्हाची पेर होते.